पिवळं टेबल, जांभळं टेबल

क्रांती चौकाजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी पिवळ्या टेबलामागं उभी राहायचे आणि तो माणूस जांभळ्या टेबलामागं. दारातून शिरलं की डाव्या अंगाला मी, उजव्या अंगाला तो. सेठनं मुद्दाम तशी मांडणी केली होती. मधल्या वाटेनं जे गिऱ्हाईक येईल त्याला आम्ही दोन बाजूंनी ओढायचं. सेठला कुणीही जिंकलं तरी चालत होतं, लॅपटॉप त्याच्याच दुकानातून जाणार होता.

आम्ही दोघंही सेठचे नोकर नव्हतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक चिप असते, प्रोसेसर म्हणतात तिला. सगळी आकडेमोड तीच करते. ती बनवणाऱ्या दोन कंपन्यांनी आम्हाला तिथं उभं केलेलं होतं. त्यांची नावं मी लिहीत नाही. नाव घेतलं तरी त्यांची जाहिरातच होते, आणि ते काम मी सोडलंय. माझ्या कंपनीचा रंग पिवळा होता, त्याच्या कंपनीचा जांभळा, एवढं पुरे. गिऱ्हाइकाला चिप कधी दिसत नाही. त्याला दिसतो कीबोर्डच्या कडेला चिकटवलेला नखाएवढा स्टिकर. आयुष्यातली चांगली चार वर्षं मी त्या नखाएवढ्या कागदासाठी भांडले.

मी करमाडची. आमची जमीन कारखान्यांसाठी गेली, वडील शेंद्र्याला एका कंपनीच्या गेटावर सिक्युरिटीत लागले आणि मी कॉम्प्युटरची डिग्री घेऊन शहरात आले. आधी एका स्टॉलवर मोबाइलची कव्हरं विकली. मग प्रमोटरची ही नोकरी लागली. दोन दिवसांचं ट्रेनिंग, दोन पिवळे टी-शर्ट, आणि पुण्याला बसणारा एक एरिया मॅनेजर, जो रोज फोनवर म्हणायचा, "समोरच्या टेबलावरचा माणूस तुझा शत्रू आहे, हे झोपेतसुद्धा विसरायचं नाही."

समोरचा माणूस चाळिशीचा होता. जुन्या शहरातला. त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, यानं कॉम्प्युटर दुरुस्तीत बरीच वर्षं काढलेली. जांभळा टी-शर्ट इस्त्री करून पँटीत खोचायचा. मराठी माणसाशी मराठी, दखनी बोलणाऱ्याशी दखनी, आणि दोन्ही इतकं मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपला सख्खा मामू. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यालाही मी आवडले नव्हते. मी पिशवी ठेवायच्या आत त्यानं माझ्या टेबलाकडं पाहिलं आणि सेठला विचारलं, "आता पोरीबाळी उभ्या करायला लागले का हे लोक?"

त्याच आठवड्यात पैठणकडचा एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. बापानं माझ्या टेबलावरचा बोर्ड वाचला आणि विचारलं, "ताई, हे कोर म्हंजी काय असतंय?"

ट्रेनिंगमधलं सगळं बाजूला ठेवून मी म्हणाले, "काका, कोर म्हणजे बैल समजा. त्यांच्या लॅपटॉपला चार बैल, आमच्याला आठ. नांगरट कुणाची आधी उरकंल?"

"व्हय की," बाप म्हणाला. "लई सोप्यात सांगितलंस."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. ओरडून नाही, नुसता बोलल्यासारखा. "काका, बैल आठ आहेत, झूट नाही. पण औत एकच असलं तर? चार बैल औताला आन् चार गोठ्यात. वैरण मात्र आठांची लागणार. बॅटरी बघा म्हणावं किती टिकते."

बाप हसला आणि वळला. मुलगी पण वळली. जांभळा स्टिकरवाला लॅपटॉप घेऊन ते गेले. ज्यानं जन्मात बैलाची वेसण धरली नसेल त्यानं माझेच बैल माझ्यावर सोडले होते. संध्याकाळी करमाडच्या बसमध्ये मला जागा मिळाली तरी बसवेना. उद्या त्याला काय उत्तर द्यायचं हे मी शेंद्रा येईपर्यंत ओठांत पुटपुटत होते.

उत्तरं द्यायला मी लवकर शिकले. त्याच्या डेमो लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड जरा कमी करून ठेवायचा, म्हणजे शेजारी आमचा झळाळतो. तोही कच्चा नव्हता. माझ्या लॅपटॉपवर मागं काहीतरी जड चालू करून ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर साधी फाईल उघडायलाही तो दम खायचा. मी त्याच्या टेबलाशेजारच्या पुठ्ठ्याच्या जाहिरात-बाहुल्यापुढं माझा फलक सरकवायचे, तो माझ्या फलकापुढं खुर्ची. पंखा एकच होता, तो दिवसभर डावीकडं उजवीकडं फिरवला जायचा. सेठ काउंटरवरून हे बघायचा आणि चहा मागवताना एकच मागवायचा, स्वतःचा.

एका दुपारी दुकान भरलेलं असताना मी एका प्राध्यापकांना चिपची पिढी कशी ओळखायची ते समजावत होते. तो पुढं आला आणि अदबीनं म्हणाला, "सर, मॅडमना जरूर विचारा. फक्त ध्यानात ठेवा, मागच्या साली त्या मोबाइलची कव्हरं विकत होत्या. कव्हराबद्दल पण छान सांगतात."

प्राध्यापक कसनुसे हसले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी ते सोडलं नाही. काही दिवसांनी त्यानं मुलीचा लॅपटॉप दुकानाच्या सर्व्हिस काउंटरवर आणला होता. मी जाता जाता पाहिलं. कीबोर्डच्या कडेला आमचा पिवळा स्टिकर. त्या संध्याकाळी तो एका गिऱ्हाइकाला शपथेवर सांगत होता की जांभळ्याशिवाय पर्याय नाही, तेव्हा मी माझ्या टेबलावरून विचारलं, "आणि घरी मुलीला कुठला दिलाय तुम्ही?"

गिऱ्हाईक त्याच्याकडं बघायला लागलं. त्यानं "जुना आहे तो, रिश्तेदारांनी दिलेला" असं काहीतरी सांगितलं, पण गिऱ्हाईक माझ्याकडं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात पाऊल टाकलं तर दारातल्या कचऱ्याच्या डब्यावर तो पिवळा स्टिकर चिकटवलेला होता. मुलीच्या लॅपटॉपवरून खरवडून काढला असणार, एक कोपरा फाटलेला. लोक चहाचे कप त्यात टाकायचे आणि तो माझ्याकडं न बघता टेबल पुसायचा.

हे सगळं मी मॅनेजरला फोनवर सांगायचे आणि तो खूश व्हायचा. "अशीच भूक पाहिजे," म्हणायचा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शत्रूच्या टेबलाचा एक फोटो टाकायचा नियम होता. तिकडच्या ग्रुपवर माझ्या टेबलाचे फोटो जात असणार. नवरा-बायकोनं एकमेकांना पाहिलं नसेल इतकं आम्ही एकमेकांना पाहत होतो, आणि पाहण्यात फक्त खोट शोधणं होतं. सणाला सुद्धा आम्ही एकमेकांना शुभेच्छा दिल्या नाहीत. दिवाळीत सेठनं त्याला फराळाचा डबा दिला, ईदला त्यानं सेठला शिरखुर्मा आणला. माझ्या टेबलावरून ते भांडं गेलं आणि आलं, थांबलं नाही. मला थांबायला नकोच होतं.

चौथ्या वर्षी मे महिन्यात मॅनेजर स्वतः पुण्याहून आला. साधा शर्ट घातला होता, कंपनीचा बिल्ला नाही. माझ्यासाठी त्यानं नवं टेबलक्लॉथ आणलं होतं, पिवळं, कडेला जाड शिवण घातलेलं. ते मी अंथरायला घेतलं तर म्हणाला, "राहू दे, नंतर. तू तुझं काम कर, मी जरा बाजार बघतो." शुक्रवार होता. दुपारी समोरचा माणूस नमाजला गेला. एसी नेमका बंद पडलेला आणि रस्त्यावरची झळ आत येत होती. मी एका कुटुंबाला लॅपटॉप दाखवत होते. मॅनेजर जांभळ्या टेबलाशी रेंगाळत होता, मला वाटलं शत्रूचा माल बघतोय.

तो माणूस परत आला तेव्हा एक तरुण त्याच्या टेबलाशी येऊन थांबला होता. त्यानं मोठा गेम लावून दाखवायला सांगितलं. थोड्या वेळानं लॅपटॉप अडखळायला लागला, मग पंखा घोंघावला, मग स्क्रीन काळी झाली. समोरचा माणूस बटण दाबत होता, पुन्हा दाबत होता, लॅपटॉपला हात लावून चटका बसल्यासारखा मागं घेत होता. तो तरुण मोबाइल छातीशी धरून उभा होता. मी त्याच वेळी माझ्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्याकडं तापण्याचा प्रश्नच नाही." हे वाक्य मी दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. त्याची अडचण झालेली बघून मला आनंद झाला, हेही खरं आहे. तो मी लपवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो व्हिडिओ शहरात फिरायला लागला. काळी पडलेली स्क्रीन, घामानं डबडबलेला त्याचा चेहरा, पुन्हा पुन्हा बटण दाबणारं बोट, आणि मागून माझा आवाज: "आमच्याकडं तापण्याचा प्रश्नच नाही." खाली लिहिलेलं, मराठवाड्याच्या उन्हात कुठला घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. करमाडच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरचा मुलगा तो बघत होता.

मी घरी येऊन तो नीट पाहिला. तेव्हा मला लॅपटॉपखाली काहीतरी दिसलं. मी चित्र थांबवलं, मोठं केलं. जांभळ्या टेबलावर, लॅपटॉपच्या खाली, पिवळ्या कापडाची घडी आणि तिची जाड शिवण. लॅपटॉपला खालून हवा लागते. ती वाट कापडानं बंद केली आणि वरून जड गेम लावला तर मेमध्ये कुठलाही लॅपटॉप बंद पडेल, पिवळा असो की जांभळा. मॅनेजर तिथं काय बघत होता ते मला कळलं, आणि तो गेमवाला तरुण कुणी पाठवला होता तेही. जे टेबलक्लॉथ नंतर अंथर म्हणाला होता ते मला परत मिळालंच नव्हतं.

पण खरं वाईट होतं ते व्हिडिओच्या खाली. लोकांनी सुरुवात लॅपटॉपपासून केली होती. मग कुणीतरी त्याच्या दाढीवर लिहिलं. त्याच्यापुढं दुसऱ्यानं, मग पाचपन्नास जणांनी. कुठं जा, काय खा, कुणाकडून काही घेऊ नका. ते शब्द इथं लिहायची माझी इच्छा नाही. चिपचा, उन्हाचा, बॅटरीचा त्यात कुठं पत्ता नव्हता. मी मॅनेजरला फोन करून म्हणाले, "खालचं वाचलंत का?" तो म्हणाला, "वाचलं. रीच वाढतेय." मग म्हणाला, "आपण कुठं लिहिलंय ते? लोक लिहितायत."

माझं त्या माणसाशी वैर होतं. ते मी स्वतः, रोज उभं राहून, कमावलेलं होतं. त्याचा आवाज, त्याच्या खोचलेल्या टी-शर्टाची घडी, त्याचा तो कचऱ्याचा डबा, यांचा मला राग होता. त्या रागात हे परके लोक येऊन आपलं काहीतरी ओतत होते, आणि ते मला सहन होईना. यात दया नव्हती. माझ्या शेतात दुसऱ्याचं ढोर शिरावं तसं मला वाटलं.

त्याच्या कंपनीनं त्याला आठवड्याच्या आत काढलं. डेमो नीट सांभाळला नाही, म्हणाले. शेवटच्या दिवशी त्यानं टी-शर्ट घडी करून टेबलावर ठेवला, साध्या शर्टात माझ्याकडं आला. चार वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलायला माझ्या टेबलाशी आला.

"आवाज तुमचाच आहे ना?" त्यानं विचारलं.

"आवाज माझा आहे. काम माझं नाही."

"आवाज पण कामच असतं, मॅडम."

"मला माहीत नव्हतं तो पोरगा शूटिंग करतोय."

"हौ," तो म्हणाला. "आन् मला माहीत नव्हतं खाली कापड आहे." म्हणजे त्यानंही ते पाहिलं होतं. "माझी बेटी जूनमध्ये शाळा उघडली तरी जाणार नाही म्हणते. तिच्या क्लासमधल्या पोरांकडं व्हिडिओ आहे. जाऊ द्या. तुमचा धंदा चालू द्या."

मी म्हणाले, "मी काही केलेलं नाही." तो माझ्याकडं बघत राहिला, विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं बघावं तसा, आणि गेला. मला त्याचा नव्यानं राग आला. मी खरं सांगत होते आणि त्यानं ते एका नजरेत खोटं करून टाकलं होतं.

जूनच्या सुरुवातीला आमच्या कंपनीनं फर्दापूरजवळच्या एका रिसॉर्टवर मेळावा ठेवला. मराठवाड्यातले, खानदेशातले दुकानदार आले होते. सकाळी अजिंठा, दुपारी जेवण, मग भाषणं. आमचा सेठही होता. मॅनेजरनं पडद्यावर आलेख दाखवले, मग म्हणाला, "आता मैदानावरची एक गोष्ट," आणि तोच व्हिडिओ लावला. त्या माणसाचं बोट पडद्यावर हातभर मोठं होऊन बटण दाबत होतं. दुकानदार हसले. कुणीतरी तोंडानं पंख्याचा आवाज काढला, पुन्हा हसले. मग मॅनेजरनं मला पुढं बोलावलं. त्या आवाजाची मालकीण म्हणून. सर्वोत्तम प्रमोटरचा पिवळा चषक द्यायला.

मी काही ठरवून गेले नव्हते. पुढं गेले, चषक घेतला, आणि बोला म्हणून त्यानं माइक दिला. मी म्हणाले, "व्हिडिओ एकदा थांबवा. लॅपटॉपच्या खाली बघा."

चालवणाऱ्यानं थांबवला. त्याला वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे.

"ते पिवळं कापड आपल्या कंपनीचं आहे," मी म्हणाले. "समोरचा माणूस नमाजला गेला तेव्हा ते खाली घातलंय. हवा बंद केली की आपला पण असाच बंद पडतो. कुणाला बघायचं असेल तर इथं आत्ता करून दाखवते. तो माणूस माझा दुश्मन आहे, माझं त्याचं अजून पटत नाही. पण त्याला हरवायचं तर मी माझ्या तोंडानं हरवलं असतं. माझा आवाज अशा कामाला लावायचा नव्हता."

माइक मध्येच बंद झाला. शेवटचं वाक्य किती जणांना ऐकू गेलं माहीत नाही. मॅनेजर हसतच होता, फक्त त्याच्या गालावरचं कातडं हलत नव्हतं. मागं कुणीतरी खोकलं. सेठनं ताटातली जिलबी मोडायला घेतली. मी चषक टेबलावर ठेवून बाहेर आले, हमरस्त्यापर्यंत चालत गेले आणि जळगावकडून येणाऱ्या एसटीला हात केला. फुलंब्री यायच्या आत मला ग्रुपमधून काढलेलं होतं. पिवळा टी-शर्ट अंगावरच होता, दुसरा कपडा सोबत नव्हता.

नोकरी गेली त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ती जाणार हे माइक हातात घेताना माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते नंतर झालं. मेळाव्यातल्या कुणीतरी माझं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. ते जांभळ्या कंपनीच्या हाती लागलं. त्यांनी त्याची छाटणी केली. "माझं त्याचं पटत नाही" हे गेलं, तो माणूसच त्यातून गेला. उरलं एवढंच: मी पिवळ्या टी-शर्टात, हातात पिवळा चषक, आणि म्हणतेय, "आपला पण असाच बंद पडतो." शेवटी जांभळा रंग पसरतो आणि लिहून येतं, त्यांचीच मुलगी सांगतेय.

आता खालचं वाचायची पाळी माझी होती. माझ्या गावावर, माझ्या कातडीच्या रंगावर, मी कुणाबरोबर असते आणि कशासाठी बोलले, यावर. त्यात चिप नव्हतीच.

वडिलांनी तो व्हिडिओ शेंद्र्याच्या गेटावर पाहिला. घरी आले, डबा मोरीत ठेवला, हातपाय धुतले. आई रागानं भाकरी थापत होती. तिचं म्हणणं, गप चषक घेऊन यायचा होता. वडील जेवायला बसले आणि म्हणाले, "गेटावरच्या पोरांनी दाखवलं. बोलणं तर ठीकच हाय तुझं." मग अर्धी भाकरी संपवून म्हणाले, "पण शेवटी त्या दुसऱ्या कंपनीचं नाव कशापायी येतंय? तू त्यांची व्हय?"

"नाय," मी म्हणाले.

"मंग त्यांनी कुणाला इचारलं?"

मला वाटलं, यामागं तोच असणार. त्याचं टेबल गेलं, त्यानं माझा चेहरा विकला. दुसऱ्या दिवशी मी शहरात गेले. पैठण गेटाच्या आतल्या एका गल्लीत त्यानं दुरुस्तीचं छोटं दुकान काढल्याचं कानावर होतं. तो उघड्या लॅपटॉपवर वाकून ब्रशनं धूळ काढत होता. मी उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"माझ्या चेहऱ्याचं काय केलंत हे?"

त्यानं चष्मा वर केला. "मी केलं असं वाटतं तुम्हाला?"

"मग कुणी केलं?"

"मला काढलं त्यांनी. परत घेतलं नाही. तुमचं भाषण मिळाल्यावर पण नाही घेतलं, फोन करून भाषण मात्र वापरू म्हणाले. माझ्या टेबलावर आता दुसरा आहे, बीडचा." त्यानं ब्रश खाली ठेवला. "मी म्हणालो, त्यात मी बेकसूर आहे ते तरी ठेवा. ते बोलले, लांब होतंय."

मी उभी राहिले. त्यानं बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"तिथं जे बोललात," तो म्हणाला, "ते तुमच्या इज्जतीसाठी बोललात. माझ्यासाठी नाही. तर माझ्याकडून शुक्रिया वगैरेची उम्मीद नका ठेवू."

"ठेवली नाही."

"आनंदला होता तुमचा चेहरा, माझा लॅपटॉप बंद पडला तेव्हा. मी बघितलं होतं."

"झाला होता आनंद," मी म्हणाले. "पुढच्या वेळी पण होईल."

तो हसला नाही. मान हलवली आणि पुन्हा ब्रश घेतला. मी निघाले.

पुढं नोकरी कुणी देईना. दोन्ही कंपन्यांच्या ग्रुपवर माझं नाव असणार. मग मीच कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम सुरू केलं, आधी घरून, मग गाळा बघितला. परवडणारा गाळा त्याच गल्लीत मिळाला, दुसऱ्या टोकाला. लोक म्हणाले, तिथं तो आहे. मी म्हणाले, असू दे. मला पळून जायचं नव्हतं. त्यानं मला शटर उघडताना पाहिलं आणि त्या दिवशी आपलं दुकान एक तास उशिरा बंद केलं.

आता आम्ही दोघंही दोन्ही कंपन्यांची चिप विकतो. गिऱ्हाईक माझ्याकडून भाव घेऊन त्याच्याकडं जातं, त्याच्याकडून घेऊन माझ्याकडं. तो सांगतो, बाई जोडतात चांगलं, पण वायरी कशाही कोंबतात. ते खोटं आहे. मी सांगते, त्यांचा हात जुन्या मालावर बसलाय, नव्याला घाबरतात. ते थोडं खरं आहे. एकदा माझ्याकडून बिघडलेला एक मदरबोर्ड गिऱ्हाइकानं त्याच्याकडं नेला. त्यानं तो दुरुस्त केला आणि वर चिठ्ठी लावून माझ्याकडं पाठवला: पिन वाकली होती, जपून लावत जा. महिनाभर मला त्या चिठ्ठीचा राग होता. पण पिन वाकलीच होती.

मागच्या महिन्यात एका कंपनीचा नवा माणूस गल्लीत आला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. तरुण, गोड बोलणारा. दुकानावर फुकट मोठा बोर्ड लावून देतो म्हणाला, दिव्यांचा, वर कंपनीचं चिन्ह आणि खाली बारीक अक्षरात माझं नाव. मी विचारलं, "माझं नाव खाली का?" तो म्हणाला, "मॅडम, फॉरमॅटच तसं आहे." मी त्याला चहा पाजला आणि बोर्ड नको म्हणाले. तो पुढं गल्लीच्या त्या टोकाकडं गेला. थोड्या वेळानं तिकडूनही तसाच परत आला, हातातली कॅटलॉगची पिशवी तेवढीच भरलेली.

दुपारी गल्लीतली लाइट गेली. मशिनं बंद, आत उकाडा. मी बाहेर येऊन पायरीवर उभी राहिले. तो चहाच्या टपरीवर चालला होता, माझ्या दुकानापाशी आल्यावर थांबला.

"त्या बोर्डवाल्याला का हाकललं?"

"माझी मर्जी."

"मी पण हाकललं."

"मी विचारलं नव्हतं."

"हौ," तो म्हणाला. "नाही विचारलं." टपरीवर जाऊन त्यानं एक कट चहा मागवला, एकच, आणि माझ्याकडं पाठ करून पिऊ लागला.

लाइट आली तशी मी आत गेले. एका मुलाचा कॉम्प्युटर त्या संध्याकाळपर्यंत जोडून द्यायचा होता.